पोटदांडी

बाबांच्या ताटाशेजारी नेहमी आणखी काहीतरी मांडलेलं असायचं. कधी लोखंडी दात्यांचा रूळ, कधी चामडी पट्ट्याचा तुकडा, कधी नुसताच एक झिजलेला नट. एका हातानं भाकरी मोडायची, दुसऱ्या हातानं तो नट बोटात फिरवत राहायचं, आणि आई समोर बसून वरणात पडलेले कापसाचे तंतू चमच्यानं काढत राहायची. दिग्रसला जिनिंगच्या भिंतीला लागूनच आमचं भाड्याचं घर होतं. हंगाम सुरू झाला की दुधावर, लोणच्याच्या बरणीवर, देवाच्या घंटेवर, सगळ्यावर पांढरी भुरी बसायची. अंबाडीच्या भाजीतही तंतू निघायचे, आणि दिवाळीच्या चिवड्यातही. आईचं माहेर पुसदचं, कोर्टकचेरीतल्या माणसांचं. आमच्याकडेही आजोबा, पणजोबा, दोन्ही काका असे सगळे लेखणीवाले. बाबा तेवढे पाना-पकडीकडे गेले. "यांच्या घराण्यात सगळ्यांच्या कपड्यांवर शाई सांडली, यांच्याच कपड्यांवर ऑइल," असं आई पाहुण्यांना सांगायची. त्यात तक्रार किती आणि कौतुक किती हे पाहुण्यांना कळत नसे. मला कळायचं. तक्रारच जास्त होती.

बाबा जिनिंगमध्ये मुख्य फिटर होते. सगळे त्यांना मिस्त्रीसाहेब म्हणायचे. भोंगा झाला की पाच मिनिटांत भिंतीपलीकडे रेचे सुरू व्हायचे, आणि मग दिवसभर आमच्या घराची फरशी तळव्यांना हलकी हलकी हुळहुळायची. आम्ही सगळे मोठ्यानं बोलायचो. मी अजूनही बोलते, सोसायटीतल्या बायकांना वाटतं मी भांडतेच आहे. पण खरं सांगायचं तर त्या आवाजाचा त्रास असा नव्हताच. त्रास व्हायचा तो आवाज मध्येच बंद पडला की. भर दुपारी, जेवणाची सुट्टी नसताना रेचे थांबले, तर आई हातातलं काम टाकून उभी राहायची आणि भिंतीकडे पाहायची. मग पुन्हा घरघर सुरू झाली की खाली बसायची. गावातल्या जिनिंगमध्ये भलत्या वेळी शांतता झाली म्हणजे एक तर आग लागली, नाही तर कोणाचा तरी हात गेला, हे तिथं राहणाऱ्या कोणालाही सांगावं लागत नसे.

रेचा म्हणजे कापसातली सरकी काढून रुई वेगळी करणारं यंत्र. आमच्या जिनिंगमध्ये ते एका रांगेत उभे होते, आणि प्रत्येकासमोर एक बाई. मागच्या ढिगातून कापूस ओंजळीनं उचलायचा, झटकायचा, आणि फिरत्या रुळांवर सारखा पसरून सोडायचा. जास्त पडला तर रूळ तुंबतात, कमी पडला तर रिकामे फिरून रुळांवरचं चामडं जळतं. आठ तास हेच. या सगळ्या बायकांमध्ये हेमलीबाईचा हात असा होता की तिचा रेचा कधी तुंबत नसे. ती जवळच्या तांड्यावरून चालत यायची. पन्नाशीला आलेली, उंच, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, बलिया म्हणतात त्या, नाकात मोठी फुली, आणि बोलण्यात कोणाचीही भीडभाड नाही. जिनिंगचे मालक शेठजी जवळून गेले तरी बाकीच्यांसारखी मान खाली घालत नसे. मला ती छोरी म्हणायची. मी सतरा वर्षांची होते, मॅट्रिक पास, चित्रकलेच्या दोन्ही ग्रेड परीक्षा दिलेली, आणि स्वतःला बरंच काहीतरी समजणारी.

बाबांना जे यंत्र करायचं होतं ते हेमलीबाईच्या हातांसारखं काम करणारं होतं. रेच्याच्या वर एक पेटी, पेटीत दात्यांचा रूळ, त्यानं कापूस आपोआप फोडून, झटकून, सारखा खाली सोडायचा. बाई फक्त पेटी भरेल, आणि एक बाई सहा सहा पेट्या सांभाळेल. हे सोपं वाटतं. त्यासाठी बाबांनी चार हंगाम घालवले. हेमलीबाईच्या मागं उभं राहून ते तिचे हात पाहायचे, मनात मोजायचे, आणि घरी येऊन मला सांगायचे. मी कागदावर काढायची. ओंजळ कशी वळते, बोटं कधी उघडतात, कापूस सोडण्याआधी मनगट किती थांबतं. "हे थांबणंच महत्त्वाचं आहे बेबी," बाबा म्हणायचे, "सगळे इथंच चुकून राह्यले."

पेटंट घ्यायचं त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचून ठरवलं. नागपूरचे एक वकील ते काम करायचे. बाबा मराठीत लिहायचे, मी सुवाच्य अक्षरात उतरवायची, वकील इंग्रजी करायचे. आकृत्या माझ्या. ट्रेसिंग पेपर, काळी शाई, आणि प्रत्येक भागाला आकडा. पहिल्या वेळी मी मोठ्या हौसेनं यंत्रासमोर हेमलीबाईही काढली, बलिया, फुली, सगळ्यासकट. कागद परत आला. वकिलांनी शेजारी लिहिलं होतं, माणूस काढू नये, फक्त यंत्र. मी दुसरा कागद घेतला आणि तिला गाळून टाकलं. मागच्या महिन्यात माझ्या भाच्यानं मोबाइलवर काहीतरी खटपट करून ती आकृती मला दाखवली. इतक्या वर्षांनी कोणीतरी ते जुने कागद इंटरनेटवर चढवून ठेवलेत. माझ्याच हातच्या रेषा, माझेच आकडे, आणि यंत्रासमोर कोणीच नाही. भाचा म्हणाला, "मावशी, तू तर ग्रेट आहेस." मी चष्मा पुसायच्या निमित्तानं आत गेले. हे प्रकरण लिहायचं मी त्या दुपारी ठरवलं. ते टाळण्यात माझं बरंचसं आयुष्य गेलं आहे.

त्या आकृतीतला चौदा नंबरचा भाग कसा आला ते सांगते. बाजाराच्या दिवशी सुट्टी असायची, तेव्हा हेमलीबाई कधी कधी आमच्याकडे यायची. आई तिला ओट्यावर चहा द्यायची, आणि बाबा तिला कागद दाखवायचे. तिला अक्षर येत नव्हतं, पण आकृती तिला वकिलांपेक्षा लवकर कळायची. एकदा तिनं कागद आडवा उभा करून पाहिला आणि विचारलं, "हे तुंबलं तं?"

"तुंबणार नाही," बाबा म्हणाले.

"मिस्त्रीसाहेब, कापूस हाय थो. ओला आला का तुंबनच. मंग बाई हात घालन का नाही?"

"हात घालायच्या आधी बंद करायचं. इथं खटका आहे."

"कायनं बंद करू? एका हातात टोपलं, एका हातानं गोळा उपसाचा. खटका का पोटानं दाबू?" असं म्हणून ती मोठ्यानं हसली. आईही हसली. बाबा हसले नाहीत. ते कागदाकडे पाहत राहिले आणि त्यांचा चहा गार झाला.

पंधरा दिवसांत त्यांनी त्यावर तोड काढली. यंत्राच्या पुढच्या अंगाला, बाईच्या पोटाच्या उंचीवर एक आडवी लोखंडी दांडी. बाई पेटीत हात घालायला वाकली की तिच्या पोटानं दांडी आत ढकलली जाणार, त्यासरशी पट्टा नुसत्याच फिरणाऱ्या मोकळ्या पुलीवर सरकणार, आणि रूळ जागच्या जागी थांबणार. दोन्ही हात मोकळे. हेमलीबाईनंच तिला पोटदांडी म्हटलं आणि जिनिंगभर तेच नाव झालं. आकृतीत मी तिला चौदा नंबर दिला. बाबांनी ती गव्हाच्या पिठाचं पोतं टेकवून शंभर वेळा तपासली. प्रत्येक वेळी थांबलं. शेवटी त्यांनी स्वतः वाकून हात घातला, आणि मी किंचाळले, आणि रूळ थांबला. अर्जात एक रकाना होता, खरा आणि पहिला संशोधक कोण. तिथं मी बाबांचं नाव लिहिलं. लिहिताना माझा हात अडखळला नाही. दुसरं नाव मनात यायला हवं होतं, एवढंही माझ्या लक्षात आलं नाही.

यंत्र उभं राहिलं तसं बाहेरचं वारं बदललं. एका रेच्यामागं एक बाई लागते, आणि हे यंत्र आलं तर सहांमागं एक, हा हिशेब बायकांनी आमच्या आधी केला होता. नळावर आईशी बोलणं बंद झालं. कोणी शिवी दिली नाही, कोणी दगड मारला नाही. नुसत्या गप्प झाल्या. आई पाण्याला गेली की हंडे बाजूला सरकायचे आणि तिला जागा मिळायची. त्या जागेची आईला भीती वाटायला लागली. एकदा एका म्हाताऱ्या बाईनं तिला अगदी साधेपणानं विचारलं, "तुमच्या घरी चूल आपोआप पेटते का हो बाई?" आई घरी येऊन बाबांना म्हणाली, "सोडून द्या ते. मला हे चांगलं लक्षण वाटत नाही." बाबा म्हणाले, "मी नाही केलं तर दुसरा कोणी करनच." हे खरं होतं. हेमलीबाईचंही तेच म्हणणं होतं. तिच्या तांड्यातल्या बायकाही तिच्यावर उखडल्या होत्या, तू त्या मिस्त्रीला हात दाखवते म्हणून. तिनं मला एकदा सांगितलं, "मशीन तं येनच छोरी. येऊनच राह्यलं तं बोटं सांभाळणारं येऊ दे."

मग दसरा आला. दसऱ्याला जिनिंगमध्ये सगळ्या यंत्रांची पूजा व्हायची. त्या दिवशी एकही चाक फिरवायचं नाही. रेचे पुसून, तेल लावून, हळदकुंकू, झेंडूच्या माळा, आपट्याची पानं, आणि प्रत्येक यंत्राला पूजेचा लाल नाडा. फुलं सुकली की काढायची, पण नाडा मात्र कोणी सोडायचा नाही. तो पुढच्या दसऱ्यापर्यंत राहायचा, किंवा आपोआप झिजून पडायचा. पूजा केली की यंत्र देवाच्या स्वाधीन, त्याला उगाच छेडायचं नाही, असं सगळे मानायचे, आणि एरवी देवाधर्माचं फारसं मनावर न घेणारे बाबाही मानायचे. नव्या यंत्राची पूजा माझ्याकडे आली, कारण ते आमचं होतं. नवी साडी नेसून, मोठ्या तोऱ्यात मी गेले. माळ कुठं बांधावी ते पाहिलं. पेटी उंच होती, रूळ आत होते. समोर, नेमकी हाताच्या उंचीवर, घासूनपुसून चकचकीत केलेली सरळ दांडी होती. माळ तिथं छान दिसत होती. मी तिची दोन्ही टोकं दांडीला आणि बाजूच्या चौकटीला लाल नाड्यानं बांधली. सात वेढे, आणि वर घट्ट गाठ. सैल बांधलेलं मला आवडत नाही.

मी काय बांधत होते ते जगात माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? चौदा नंबर मीच दिला होता. ती दांडी किती बोटं आत जाते ते मी काळ्या शाईनं काढलं होतं, तुटक रेषेनं. बाबा शेजारी उभे होते. शेठजी होते. फोटोग्राफर बोलावला होता, त्यानं बाबांना दांडीवर हात ठेवून उभं केलं. तो फोटो माझ्याकडे आहे. बाबांची बोटं नाड्यावरच टेकलेली दिसतात. आम्ही सगळ्यांनी पाहिलं आणि सगळ्यांना ते सुरेख वाटलं.

पुढच्या दिवसांत मला एक विचित्र अस्वस्थता होती असं लिहिण्याचा मोह होतो. तशी ती नव्हती. मी मजेत होते. अस्वस्थ होती आई. तिनं एकदा म्हटलंही की पुन्हा एकदा पिठाचं पोतं टेकवून पाहा ना. बाबा म्हणाले, "पूजा झाली आता. मुहूर्ताच्या आधी कायले छेडता?" फुलं वाळली, झाडणारीनं ती ओढून काढली. नाडा राहिला. दोन-तीनदा बाबांनी यंत्र थोडं थोडं चालवून पाहिलं. कोरडा, निवडलेला कापूस होता. रूळ तुंबले नाहीत, आणि कोणी वाकलं नाही.

दिवाळीनंतर शेठजींनी बाहेरगावचे दोन जिनिंगमालक बोलावले. यंत्र त्यांना आवडलं तर पुढची सगळी वाट मोकळी होती. सकाळचे दहा वाजले असतील. कापसाच्या गाड्या अंगणात लागल्या होत्या, आणि गाड्यांतला वरचा माल दवानं भिजलेला होता. हेमलीबाईनं मूठभर घेऊन दाबला. "मिस्त्रीसाहेब, कापूस ओला हाय. आजच्या दिवस राहू द्या. नाही तं खालचा सुका आणा."

बाबांनी पाहुण्यांकडे पाहिलं. पाहुणे घड्याळाकडे पाहत होते. "पोटदांडी आहे ना," बाबा म्हणाले. तिनं मान डोलावली. मला आठवतं, ती त्यांच्याकडे पूर्ण भरवशानं पाहून कामाला लागली.

बाकीचे रेचे त्या वेळी बंद ठेवले होते. बायका एका भिंतीला ओळीनं उभ्या होत्या. पहिली पेटी उत्तम गेली. खाली रुई बर्फीच्या थरासारखी एकसारखी उतरायला लागली, आणि एक पाहुणा "वा" म्हणाला. मी बाबांच्या मागं होते. मला त्यांचे कान लाल झालेले दिसले. दुसऱ्या पेटीला आवाज बदलला. जिनिंगशेजारी वाढलेल्या माणसाला तो लगेच कळतो, रुळांचा स्वर खाली बसतो. गोळा अडकला होता. हेमलीबाईनं ज्यासाठी ती दांडी होती तेच केलं. पुढं वाकली, उजवा हात पेटीत घातला, आणि पोटानं दांडी दाबली. दांडी सरकली नाही. तिनं पुन्हा दाबली, सगळं अंग घालून. मग तिनं खाली पाहिलं. मीही तिथंच पाहिलं, आणि मला कळलं. मी ओरडायला तोंड उघडलं होतं. आवाज तिचा आला.

मी डोळे मिटून घेतले. सतरा वर्षांची धडधाकट मुलगी, दोन ढांगांवर उभी, आणि मी डोळे मिटले. कोणीतरी मुख्य पट्टा पाडला, घरघर थांबली. डोळे उघडले तेव्हा बाबांची पाठ माझ्याकडे होती. ते तिच्यासमोर वाकलेले होते आणि त्यांच्या हातात खिशातला चाकू होता. मला वाटलं ते दात्यांतला कापूस कापताहेत. मग कोणीतरी मला दंडाला धरून बाहेर नेलं. भिंतीपलीकडे आई दारात उभी होती. शांतता झाल्यापासून ती तशीच उभी होती म्हणे.

यवतमाळच्या दवाखान्यात हेमलीबाईचा उजवा हात मनगटाच्या वर काढला. तिसऱ्या दिवशी कारखान्यांचा इन्स्पेक्टर आला. मी त्याच्यासाठी चहा घेऊन गेले, आणि मुद्दाम रेंगाळले, कारण आता तो दांडी पाहील आणि सगळं उघडं पडेल, अशी मला भीतीही होती आणि आशाही होती. दांडी स्वच्छ होती. नाडा नव्हता. इन्स्पेक्टरनं हातानं दाबली, रूळ थांबले. पुन्हा दाबली, पुन्हा थांबले. "उत्तम व्यवस्था आहे," तो म्हणाला. "बाई वाकलीच नसेल नीट." बाबा एक नट बोटात फिरवत होते. शेठजी म्हणाले, "अडाणी बायका, साहेब." मग जबाब लिहायचा होता. माझं अक्षर चांगलं, म्हणून मलाच बसवलं. शेठजींनी सांगितलं आणि मी लिहिलं, की सदर अपघात कामगार बाईच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे घडला, यंत्रात कोणताही दोष नव्हता. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. तो कागद दवाखान्यात गेला आणि त्यावर तिच्या डाव्या हाताचा अंगठा घेतला. निष्काळजीपणा तिच्या नावावर लागला, आणि मग जिनिंगकडे तिचं काही मागणंच उरलं नाही. पुढं तिला कोणी कामावर ठेवलं नाही, आणि ती स्वतःच्या चुकीनं हात घालवून बसलेली बाई झाली. तांड्यावरसुद्धा. बरी खोड मोडली, असं तिथल्याच बायका म्हणाल्या.

त्या आठवड्यात आईनं बाबांचा सदरा भिजवायला घेतला आणि खिशातून लाल नाड्याचे तुकडे निघाले. सात वेढ्यांचे, एकदम कापलेले. आईनं ते माझ्या हातात दिले आणि सदरा पाण्यात दाबला. मी समजले ते असं, की त्या रात्री, सगळे गेल्यावर, बाबांनी एकट्यानं जाऊन ते कापले असतील. मला वाचवायला कापले असतील. मुलीच्या हातून झालेली चूक बापानं खिशात घातली, असं मी मनाशी ठरवलं, आणि त्या समजुतीवर मी दोन वर्षं बाबांवर आधीपेक्षा जास्त माया केली.

दोन वर्षांनी पेटंट आलं. जाड कागद, शिक्का, नक्षीची किनार. सोबत वकिलांचं पत्र होतं. पेटी, दात्यांचा रूळ, तो चार हंगाम मोजलेला थांबा, यांतलं काहीच नवं ठरलं नव्हतं. परदेशात कोणी कोणी ते आधीच करून ठेवलं होतं. कचेरीनं एकच गोष्ट नवी आणि स्वतंत्र मानली होती, भाग क्रमांक चौदा, कामगाराच्या शरीरानं चालणारी थांबण्याची दांडी. पेटंट तेवढ्याचंच होतं. बाबांनी पेढे वाटले. त्यांना किती आनंद झाला ते मला आजही सांगता येणार नाही. ते कागद हातात घेऊन घरभर फिरत होते, आणि मला त्या घरात बसवेना. दुसऱ्या दिवशी कोणाला न सांगता मी तांड्यावर गेले.

हेमलीबाई दारात बसून डाव्या हातानं तुरीच्या शेंगा सोलत होती, शेंग गुडघ्यात धरून. मला पाहून म्हणाली, "बस छोरी. लय वाळली." मी बसले आणि सगळं सांगितलं. नाडा मी बांधला. जबाब मी लिहिला. दांडी तुमच्या डोक्यातून निघाली आणि पेटंट बाबांना मिळालं. मी रडत होते. ती शेंगा सोलत होती.

"नाडा तू बांधला थे मले तवाच ठाऊक होतं," ती म्हणाली. "त्या दिवशी सकाळी मी पाह्यला. हात लावला होता सोडाले. मंग म्हटलं, देवाचं हाय, पोरीनं बांधलं हाय, कायले सोडू."

"मग साहेबाला का नाही सांगितलं?"

"कोण आयकलं असतं? दांडी तं चालूनच राह्यली होती." तिनं आणखी एक शेंग गुडघ्यात धरली. "तुह्यावर माहा राग नाही. पोरगी होती तू. बांधाची म्हणून बांधलं."

मी म्हणाले, "बाबांनी माझ्यासाठी केलं. रात्री जाऊन नाडा कापला त्यांनी. माझं नाव येऊ नये म्हणून."

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. मला वाटतं तिला माझी कीव आली असावी. सांगावं की नाही याचा तिनं क्षणभर विचार केला, तेही मला दिसलं.

"रात्री नाही छोरी," ती म्हणाली. "तवाच. मी शुद्धीत होती. मशीन थांबली, माहा हात आतच होता. मिस्त्रीसाहेब आले, चाकू काढला. पहिले नाडा कापला. सगळा येचून खिशात टाकला. मंग माहा हात काढला."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि मला तेच सहन झालं नाही. तिनं डाव्या हातानं मूठभर तुरीचे दाणे माझ्या पदरात घातले आणि बस चुकेल म्हणून मला उठवलं.

घरी पोचले तेव्हा बाबांनीच दार उघडलं. "कुठं गेलती?"

"हेमलीबाईकडे."

ते दारातून बाजूला झाले आणि मला आत येऊ दिलं. त्यानंतर ते एकवीस वर्षं जगले. ती काय म्हणाली, हे त्यांनी मला एकदाही विचारलं नाही.